गावाकडे पाठ केलेला देव

आमच्या आजोळच्या देवाची गावाकडे पाठ आहे. चेष्टा नाही करत, खरंच आहे. काल्हेरला खाडीच्या कडेला खाडीबाबाचं छोटंसं देऊळ आहे. त्याचं दार गावाकडे आणि देवाचं तोंड मात्र खाडीकडे. माणसं येतात, घंटा वाजवतात, देवाच्या शेंदरी पाठीला हात जोडतात आणि घरी जातात. लहानपणी मी आईला विचारलं होतं, "देव आपल्यावर रुसलाय का गं?" त्यावर माझ्याच पाठीत धपाटा बसला. उत्तर काही मिळालं नाही.

मी सरला. भिवंडीत महापालिकेत घरपट्टी विभागात क्लार्क आहे. दिवसभर खिडकीवर लोकांची बोलणी खायची आणि चार परत द्यायची, यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे तोंड जरा फटकळ झालंय. आई म्हणायची, हिच्या पोटात तीळ भिजत नाही. खरं आहे. आणि त्यातून या वेळी काय झालं तेच सांगतेय.

खाडीबाबाला शेंदूर लावायचा मान माझ्या मामाच्या घराचा. सावळाराममामा आता ऐंशीच्या घरात आहे. शेंदूर लावायला देवाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे देव आणि खाडीकडची जाळी यांच्यामधल्या बोळात शिरायचं आणि तेही डोळ्यांना पट्टी बांधून. का, तर देवाची नजर कडक आहे, बघणाऱ्याचे डोळे जातात. आणि बाईनं तर उंबरठ्याच्या आत पाऊलच टाकायचं नाही. माझी मामेबहीण कमळा, लग्नानंतरचे थोडे दिवस सोडले तर, जन्मल्यापासून त्या देवळाच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहतेय. अंगण झाडते, हार ओवते, तेलात शेंदूर कालवून वाटी उंबरठ्यावर ठेवते. उंबरठ्यावर, आत नाही. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती परत आली, बाजूच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगची शिफ्ट करून घर चालवलं, बापाचं सगळं केलं. पण देवाला कधी बोट लावलं नाही.

आता मामाचे हात थरथरतात. चहाचा कप धरवत नाही, तिथे शेंदूर कसला लावणार! म्हणून गावानं ठरवलं, की रविवारी बैठक घ्यायची आणि मान केसरीनाथला द्यायचा. केसरीनाथ म्हणजे मामाच्या भावकीतला. माणूस वाईट नाही, अडल्यानडल्याला धावतो. पण ज्याच्याकडे मान त्याच्याकडे त्या दोन खोल्या, ही गावाची जुनी रीत. म्हणजे मान गेला की मामा आणि कमळा रस्त्यावर. केसरीनाथला तिथे संगमरवरी देऊळ बांधायचं होतं, खोल्या पाडून. कमळानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी कालवलेला शेंदूर चालतो, माझा हात न्हाय चालत."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू!

बैठकीच्या आधी दोन दिवस तिचाच पुन्हा फोन. सकाळची वेळ, मी डबा भरत होते.

"ताई, देवानं खोळ टाकली."

वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत जातात आणि एखाद दिवशी ते जाडजूड कवच आपोआप गळून पडतं, त्याला आमच्याकडे खोळ टाकली म्हणतात. मोठी गोष्ट असते ती. वाजतगाजत ती खोळ पाण्यात सोडतात. पलीकडे नवीन गोडाऊनच्या पायासाठी आठवडाभर मशीन धडधडत होतं, त्याच्या हादऱ्यानंच ती निघाली असणार.

"मग गावाला सांग की," मी म्हटलं.

"पुढून पडलीय. गावाला पाठ दिसते, त्यांना काय कळणार? मी खाडीच्या बाजूला झाडत होते, तर जाळीतून दिसलं." मग तिनं आवाज खाली आणला. "ताई, तू ये. मना काय समजत न्हाय. आत कुणीतरी हाय."

आत कुणीतरी हाय! आता अशा वेळी माणूस घरपट्टीच्या खिडकीवर बसेल का? मी साहेबांना पोट बिघडल्याचं सांगितलं आणि निघाले. जाताना धम्मदिनाला सोबत घेतलं. धम्मदिना माझ्या वरच्या मजल्यावर राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. गाव तिचं दिघाशी. जुनं नाणं, फुटका दगड, काही दिसलं की ही बाई जेवण विसरते. तिला दुपारी कॉलेज होतं, पण मी "आत कुणीतरी हाय" एवढं सांगितल्यावर ती चपला घालून माझ्याआधी रिक्षात बसली.

देवळाच्या मागे खाडीकडून जायचं तर ओहोटीलाच जाता येतं, नाहीतर पाणी भिंतीला लागतं. आम्ही तिघी साड्या-पंजाबी ड्रेस वर खोचून घोटाभर चिखलातून जाळीपाशी पोचलो. धम्मदिना जरा मागेच थांबली.

"मी इथूनच बघते, ताई," ती हसत म्हणाली. "देवळाबाहेरून बघायची आमच्या घरात जुनी सवय आहे."

मला हसू आलं नाही. कमळानं तिचा हात धरून तिला जाळीला चिकटवली. म्हणाली, "आपण तिघीपन भायेरच हाव."

मोबाइलचा टॉर्च लावला. आधी काही कळेना. खाली शेंदराचे मोठाले तुकडे पडलेले, गळ्यापासून खाली कवच अजून तसंच, फक्त बुडाशी थोडं उडालेलं. वर मात्र डोकं पुढून मोकळं झालं होतं आणि ते दगडाचं नव्हतं. लाकडाचं होतं. तेलात मुरून काळसर तांबूस झालेलं. मधोमध भांग, मागे वळवलेले कुरळे केस, सरळ नाक, किंचित उघडे ओठ. एका डोळ्यात निळ्या रंगाचा टवका अजून शिल्लक होता. आणि ती बघत होती आमच्या डोक्यांवरून लांब, खाडीच्या तोंडाकडे.

"अगं बाई," मी म्हटलं.

"बाईच हाय," कमळा म्हणाली.

धम्मदिनानं माझ्या हातातला मोबाइल घेतला. मग टॉर्च खाली नेत म्हणाली, "ताई, ते बघा, बुडाशी. लाटांसारखी नक्षी आहे ना? आणि कडेला तिरकं कापलंय. हे उभं करायला बनवलेलंच नाही. हे कशाला तरी पुढे झुकवून ठोकलेलं होतं." तिनं मोबाइलवर चित्रं काढून दाखवली, परदेशातल्या कुठल्या कुठल्या संग्रहालयांतली. जुन्या शिडाच्या जहाजांच्या नाकाडावर अशा लाकडी बाया बसवलेल्या. कुणाच्या हातात फूल, कुणाच्या डोक्यावर मुकुट. "हे जहाजाचं डोकं आहे. जहाज कुठेतरी फुटलं आणि ही सुटून वाहत आली."

"कुठे फुटलं?"

"ते कसं सांगू? वसईच्या तोंडाशी खडक आहेत, पुढे अर्नाळ्याचं बेट आहे. वादळात तिकडे एखादं जहाज आपटलं असेल. किंवा आणखी वर कुठे. नक्की कोणालाच सांगता येणार नाही."

"पण एवढं जड लाकूड इथवर?"

त्यावर कमळा माझ्याकडे बघतच राहिली. "भरतीला वसईकडून अख्खे ओंडके येतात, ताई. चपला येतात, नारळ येतात, गणपतीचे पाट येतात. बाई यायला काय झालं?"

मग मी विचारलं, की जहाजावर बाईच कशाला, वाघ-सिंह का नाही. धम्मदिना म्हणाली, वाघ-सिंहही असायचे. पण खलाशांची एक समजूत होती, की जहाजावर बाईमाणूस नको, अपशकुन होतो, वादळ येतं. आणि पुढे नाकाडावर मात्र लाकडी बाई पाहिजेच, कारण तिला पाहून समुद्र शांत होतो.

"म्हणजे जित्या बाईला बंदी आणि लाकडाच्या बाईच्या भरवशावर सगळे गडी!" मी म्हटलं. "इथून तिथून सारखेच मेले." आणि आम्ही तिघी चिखलात उभ्या राहून अशा हसलो, की पलीकडच्या गोडाऊनचा वॉचमन "क्या हुआ, क्या हुआ" करत डोकावला.

हसून झाल्यावर कमळा एकदम गंभीर झाली. म्हणाली, "कुनाला सांगू नका. बाबांचा जीव हाय तिच्यात. देव न्हाय, लाकूड हाय असं गावानं म्हटलं तर ते मरतील." मी गळ्याची शपथ घेतली. धम्मदिनानंही घेतली. ती पाळणारी आहे. माझं मी वर सांगितलंच आहे.

पण दोन रात्री झोप म्हणून आली नाही. पाठ का फिरवली असेल? डोळ्यांना पट्टी कशाला? आणि बाई सापडली, तर तिचा बाबा कसा झाला? धम्मदिना वरून मेसेज टाकत होती, मी खालून. सकाळी जिन्यात भेटलो तर दोघींचे डोळे लाल.

रविवारी देवळापुढे मांडव होता. पन्नासेक माणसं जमली. मामाला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं. धम्मदिनाला मी हट्टानं आणली होती. आम्ही बायका एका कडेला. केसरीनाथ पांढरा शर्ट घालून, खांद्यावर नवं उपरणं टाकून उभा राहिला. तो नीटच बोलला. म्हणाला, सावळाराम काकांनी खूप सेवा केली, आता त्यांनी आराम करावा.

मी उठले. "काकांचा आराम कुठे, दादूस? रस्त्यावर? कमळा त्यांची लेक आहे. एवढी वर्षं देवाचं सगळं तीच करतेय. मान तिलाच द्या."

मांडवात कुजबुज झाली. कुणी तरी हसलं. केसरीनाथ म्हणाला, "सरलाताई, तू शिकलेली हायस, तुला रीत सांगायला पायजे का? बाबाला बायकांचा हात चालत न्हाय. बाईचा वारा लागला तरी देव कोपतो."

झालं. तिळाचं काय होतं ते आईला ठाऊक होतं.

"अरे, कोपतो काय कोपतो!" मी ओरडले. "तुझा बाबाच बाई आहे! जा, पुढून जाऊन बघ!"

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कमळानं डोळे मिटून घेतले. मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग!

केसरीनाथ आत गेला. त्या बोळात आजवर मामाच्या घरच्यांशिवाय कुणी गेलेलं नव्हतं, तेही उघड्या डोळ्यांनी तर नाहीच. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "लाकडाची बाई हाय," तो म्हणाला. "निळ्या डोळ्याची, परदेशी." मग माणसांनी मला घेरलं आणि विचारलं, काय आहे, कुठून आली, तुला कसं ठाऊक? धम्मदिनानं पुढे होऊन शांतपणे सगळं सांगितलं. जहाज, खडक, भरती. माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, की जहाजात माल काय असेल. एवढा वेळ सगळं ठीक होतं.

पण केसरीनाथ हुशार आहे. तो हळूच म्हणाला, "म्हंजे देव न्हायच ना. फुटक्या जहाजाचं लाकूड. मग मान कसला आनि कुनाला? खाडीतून आलं, खाडीत सोडू. नवीन मूर्ती बसवू." माना डोलायला लागल्या. कुणी तरी म्हणालंसुद्धा, की खरंय, इतकी वर्षं आपण लाकडाला नारळ फोडतोय.

मी कमळाकडे बघू शकले नाही. हिचं घर वाचवायला उठले होते आणि घरासकट देवच बुडवायला निघाले होते. असा राग आला स्वतःचा! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"आधी लोकांना दाखवू तरी," केसरीनाथ म्हणाला आणि तीन गडी घेऊन आत शिरला. मूर्ती फिरवून तोंड गावाकडे करायची होती.

तेव्हा मामा ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. "फिरवू नका रे! तिला फिरवू नका!"

पण तोवर त्यांनी फिरवली होती. आणि फिरवताना उरलेली खोळ सुटली, गळ्यापासून खाली सगळी, आणि धपकन जमिनीवर पडून फुटली.

दारातून सगळ्या गावाला ती दिसली. कमरेपर्यंत उघडी. अंगावर एक चिंधी नाही, दोन्ही हात मागे टाकलेले, छाती पुढे. करणाऱ्यानं तशीच केली होती. धम्मदिना माझ्या कानात पुटपुटली, "तशीच करायचे पुष्कळदा." पुढे बसलेल्या गड्यांनी माना खाली घातल्या. आत उभ्या केसरीनाथनं तर चटका बसल्यासारखे हात काढले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झाका रे तिला," मामा म्हणाला. आता तो रडत होता. "झाका. एवढ्यासाठी तर..."

कमळा त्याच्या खुर्चीपाशी बसली. त्याचे हात तिनं धरले. "बाबा, तुमाला ठाव होतं?"

"हातांना ठाव होतं," मामा म्हणाला. "पट्टी डोळ्यांना असते, हातांना न्हाय. माज्या बापानं मना सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. जो शेंदूर लावील त्यालाच सांगायचं, अशी रीत. मोठं तुफान झालं होतं. चार दिवसांनी भरतीबरोबर ही खाडीत आली. आमचा मूळ पुरुष खाडीत गेला होता, जाळं लावायला. त्याला वाटलं, प्रेत हाय. बाईमानसाचं प्रेत, उघडं. त्यानं पाण्यातच आपलं धोतर सोडून तिच्यावर टाकलं. काठाला आनल्यावर कळलं, का लाकूड हाय."

"मग?" धम्मदिनानं विचारलं. ती मामाच्या पायाशी जमिनीवर बसली होती, कधी बसली कुणास ठाऊक.

"मग काय? लाकूड झालं म्हनून बाई उघडी ठेवायची? जहाज बुडालं, तिच्यासंगतीची सगळी मानसं बुडाली, ही एकटी आपल्या दारात आली. पाहुनी ती. कपडा घातला, तर वाऱ्यानं उडं. म्हनून त्यानं तिला शेंदूर चढवला. शेंदूर कुनी फेडत न्हाय ना. गावातली पोरं बघायला यायला लागली, तर म्हनाला, बाबा हाय, कडक हाय, डोळे जातील. तिची पाठ केली गावाकडे. म्हंजे कुनी पुढून बघायला नको. आनि तिलापन आपली मानसं कुठं गेली ती वाट दिसावी."

"आणि बायकांना का बंदी?" मी विचारलंच. मला राहवेना.

मामानं माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्यातही त्याच्या तोंडावर हसू आलं. "तुझ्यासारख्या होत्या ना गावात, सरला. एकीनं बगितलं असतं का गावभर."

बायकांत खसखस पिकली. माझ्याकडे बघून सगळी हसली, त्यात कमळासुद्धा. आणि मग ती थांबली, कारण देवळात ती बाई अजून तशीच होती, दारासमोर, दिवसाउजेडी, आणि तिला कुणी झाकलं नव्हतं.

मामाला उठता येत नव्हतं. गड्यांपैकी कुणी वर बघायला तयार नव्हतं, तर हात कोण लावणार? केसरीनाथ भिंतीकडे तोंड करूनच बाहेर आला. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मागे न बघता, हात पाठीशी नेऊन, आमच्या बायकांच्या दिशेनं धरलं.

"कमळे," तो म्हणाला. "घे गो बाय. जा आत." आणि मांडवातल्या माणसांना म्हणाला, "बघता काय? फिरा तिकडं."

पन्नास माणसं फिरली. गावची पंचमंडळी, गोडाऊनवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी देवळाकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. केसरीनाथ सगळ्यांत पुढे. मान आणि खोल्या यांचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, अजूनपर्यंत काढलेला नाही.

कमळानं उपरणं घेतलं. उंबरठ्यावर तिनंच सकाळी ठेवलेली शेंदराची वाटी होती, ती उचलली. उंबरठ्यापाशी क्षणभर तिचं पाऊल अडलं. मग ती आत गेली. तिनं त्या बाईच्या खांद्यांवर उपरणं टाकलं, पुढून नीट गुंडाळलं, आणि आम्हाला हाक मारली. मी गेले. धम्मदिना दारात थांबली, तर कमळा म्हणाली, "तू पन ये गो, जड हाय ती." आम्ही तिघींनी मिळून तिला पुन्हा खाडीकडे फिरवली. लाकडाला हात लावला तेव्हा ते मऊ लागलं, आणि माझ्या बोटांना तेलाचा वास लागला तो संध्याकाळपर्यंत होता.

मामाची खुर्ची आम्ही दाराशी ओढून घेतली. त्यानं सवयीनं सदऱ्याच्या खिशातून ती काळी पट्टी काढली, त्याच्या बापाच्या हातची, धुऊन धुऊन विरलेली. ती कमळापुढे धरली. "ही बांध, बाय. रीत हाय."

कमळानं वाटीत बोटं बुडवली होती. तिनं वळून पाहिलं आणि मान हलवली.

"बाईला बाईची कसली लाज, बाबा?"

मामानं हात मागे घेतला. मग त्यानं ती पट्टी उलगडली आणि त्याच पट्टीनं आपले डोळे पुसले.